वारसाची कसोटी

नव्या माणसाचे परीक्षण करणे हे समीक्षेतील सर्वांत अवघड काम होय. जुन्याचे मोल बहुधा ठरून गेलेले असते, आणि समीक्षकाला त्यात फारतर चार-दोन आण्यांची दुरुस्ती करावयाची असते. नव्याच्या बाबतीत परीक्षकाच्या हाती दोनच साधने असतात. एक, त्याने आजवर केलेले थोडेसे काम. आणि दुसरे, त्याच्या जागी पूर्वी असलेल्या माणसाची आठवण. पहिले साधन वापरावयास कष्ट पडतात, दुसरे आयते हाताशी असते. म्हणून बहुतेक परीक्षक दुसरेच उचलतात, आणि नव्या माणसाचे मूल्यमापन होण्याऐवजी जुन्या माणसाचे श्राद्ध तेवढे पार पडते.

हा विचार येथे मांडण्याचे निमित्त साहित्यातले नाही, क्रीडेतले आहे. २१ मार्च २०२४ रोजी चेन्नई सुपर किंग्ज या व्यावसायिक क्रिकेट संघाचे कर्णधारपद महेंद्रसिंग धोनीकडून पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे आले. दुसऱ्याच दिवशी हंगामाचा पहिला सामना होता. त्या दिवसापासून या तरुणाविषयी जे बोलले व लिहिले गेले, त्यात त्याच्याविषयी थोडे आणि धोनीविषयी पुष्कळ होते. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात क्रिकेटची चर्चा कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्या निकषांनी आपण कवितेची पारख करतो, त्यांतील निदान तीन, म्हणजे प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास, फलंदाजीलाही लावता येतात. शिवाय या मासिकाचा वाचक बहुशः बदलीच्या नोकरीतला. परक्या गावी, परक्या कचेरीत, दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीवर जाऊन बसण्याचा अनुभव त्याला चांगलाच आहे. त्या अनुभवाच्या उजेडात हा प्रश्न पाहिला तर तो निव्वळ खेळाचा राहत नाही.

आधी माणूस पाहू. गायकवाडचा जन्म ३१ जानेवारी १९९७ चा. घराणे पुरंदर तालुक्यातील पारगाव मेमाणे या गावचे, वास्तव्य पुणे परिसरात. वडील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत नोकरीला, आई शिक्षिका; म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच पगारावर चाललेले घर. क्रिकेटचे धडे त्याने थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत गिरवले. २०१८ च्या डिसेंबरातील लिलावात चेन्नईने त्याला २० लाख रुपयांना घेतले. लिलावाच्या त्या जगात ही किमान बोलीची रक्कम होती. २०१९ च्या संपूर्ण हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. २०२० चा हंगाम अमिरातीत झाला. तेथे पोहोचताच त्याला कोरोनाची बाधा झाली. बरा होऊन तो मैदानात उतरला, तेव्हा पहिल्या तीन डावांत त्याच्या धावा होत्या शून्य, पाच आणि शून्य. अशा आरंभानंतर पुष्कळ जण पुन्हा दिसत नाहीत. गायकवाडला मात्र हंगामाच्या शेवटी आणखी तीन डाव मिळाले आणि तिन्हींत त्याने अर्धशतके काढली: नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ६३५ धावा करून तो संपूर्ण स्पर्धेत पहिला आला आणि चेन्नईने विजेतेपद मिळवले.

या आकड्यांमागची फलंदाजी कशी आहे? प्रतिभेचा स्फोट म्हणावा असे तिच्यात सहसा काही दिसत नाही. अभ्यासाने मुरलेली, व्युत्पत्तीने सुसंस्कृत झालेली अशी ती फलंदाजी आहे. चेंडू येण्याची वाट पाहण्याची तिची तयारी असते. कव्हरच्या दिशेने मारलेल्या फटक्यात मनगटापेक्षा वेळेचे भान अधिक असते, आणि फिरकी गोलंदाजाला पुढे सरसावून उंच मारताना शरीराचा तोल ढळत नाही. आजच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूपासून दंडेली करणारे पुष्कळ झाले. गायकवाडची रीत मात्र ख्यालासारखी आहे. आधी विलंबित, मग द्रुत. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी गुवाहाटीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ५७ चेंडूंत नाबाद १२३ धावा केल्या. त्या डावाचा पूर्वार्ध पाहून कुणी उठून गेला असता, तर उत्तरार्धाच्या वेगावर त्याचा विश्वास बसला नसता. आमच्या उत्तर प्रदेशाला तर या वेगाचा अनुभव त्याआधीच आला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात, अहमदाबादला, विजय हजारे चषकाच्या उपउपांत्य सामन्यात त्याने उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद २२० धावा केल्या आणि एका षटकात सात षटकार मारले. सहाच चेंडूंच्या षटकात सात षटकार कसे, तर त्यांतला एक चेंडू नोबॉल होता. झाशीच्या चहाच्या टपऱ्यांवर ते षटक पुष्कळ दिवस चघळले गेले असल्यास नवल नाही.

तेव्हा पात्रतेविषयी शंका घ्यावी अशी परिस्थिती नव्हती. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व करून तो सुवर्णपदक घेऊन आला होता. वय सत्तावीस, चेन्नईच्याच घरात पाच वर्षे उमेदवारी, स्वभाव शांत, नाव निर्मळ. कार्यभार सोपविण्यास याहून योग्य माणूस आस्थापनेत दुसरा नव्हता.

अडचण होती ती खुर्चीत. धोनी हा चेन्नईचा नुसता माजी कर्णधार नव्हता. २००८ मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून, संघ निलंबित होता ती २०१६ व २०१७ ही दोन वर्षे आणि २०२२ च्या हंगामाचा आरंभ वगळता, तोच नेता होता. २०१०, २०११, २०१८, २०२१ आणि २०२३ अशी पाच विजेतेपदे त्याच्या नावावर होती. कधीकाळी खरगपूरच्या फलाटावर रेल्वेचा तिकीट तपासनीस असलेला रांचीचा हा माणूस तमिळ जनतेचा ‘तला’, म्हणजे म्होरक्या, झाला. आपल्या देशात परप्रांतीयाला असे प्रेम क्वचितच लाभते, आणि बृहन्महाराष्ट्रात आयुष्य काढणाऱ्या आपणा लोकांना त्याचे मोल सांगावयास नको. अशा माणसाच्या जागी कुणी यावे? २०२२ मध्ये रवींद्र जडेजाला ती जागा देऊन पाहिली. आठ सामन्यांत दोन विजय मिळाले आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच त्याने कर्णधारपद परत केले. जडेजाची गुणवत्ता कुणी नाकारील असे नाही. तरीही त्याला ती खुर्ची बोचली, याचा अर्थ बोचणारे काहीतरी खुर्चीतच होते.

सरकारी नोकरीत कार्यभाराच्या अहवालावर दोन सह्या लागतात. एक पदभार सोडणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. पहिली सही झाली की तो गृहस्थ सामान बांधतो, स्टेशनावर चार सहकारी त्याला हार घालतात आणि गाडी सुटते. ही गाडी सुटणे फार महत्त्वाचे असते. चेन्नईत सह्या दोन्ही झाल्या, गाडी मात्र सुटली नाही. पदभार सोडणारा अधिकारी त्याच कचेरीत राहिला. आणि राहिला तोही एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलाशी नव्हे, तर यष्टींच्या मागे. क्रिकेट जाणणारा वाचक या जागेचे महत्त्व ओळखतोच. यष्टिरक्षकाला सारे मैदान समोर दिसते. गोलंदाजाचा हात, फलंदाजाचे पाऊल, प्रत्येक क्षेत्ररक्षकाची जागा, सगळे त्याच्या नजरेच्या टप्प्यात असते. पंधरा वर्षे ज्या जागेवरून हुकूम सुटले, त्या जागेकडे गोलंदाजांचे डोळे सवयीनेच वळणार. नवा कर्णधार कव्हरला किंवा सीमारेषेजवळ उभा असेल, तर त्याला आपल्याच संघाचे लक्ष आधी जिंकावे लागते.

संघाचे डोळे निदान शिस्तीने वळवता येतात. प्रेक्षकांचे डोळे कोण वळवणार? २०२४ च्या हंगामातले दोन दिवस याचा पुरावा म्हणून पुरेत. ३१ मार्चला विशाखापट्टणम येथे चेन्नई दिल्लीकडून २० धावांनी हरली. धोनीने १६ चेंडूंत नाबाद ३७ धावा केल्या होत्या, आणि लोक पराभव विसरून उत्सव साजरा करीत घरी गेले. १४ एप्रिलला मुंबईत वानखेडेवर चेन्नई २० धावांनी जिंकली. त्या दिवशी कर्णधार गायकवाडने ४० चेंडूंत ६९ धावा केल्या, शिवम दुबेने नाबाद ६६ केल्या, पतिरानाने चार बळी घेतले. लोकांच्या ध्यानात मात्र राहिले ते धोनीचे शेवटचे चार चेंडू आणि त्यांवरच्या २० धावा. सामना संपल्यावर गायकवाडने हसत हसत त्या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाचा उल्लेख ‘आमचा तरुण यष्टिरक्षक’ असा केला. विनोद चांगला होता. परंतु एका कर्णधाराला आपल्या विजयाचे श्रेय विनोदाच्या रूपाने दुसऱ्याच्या पदरात टाकावे लागावे, यातील कारुण्यही नजरेआड करून चालणार नाही.

आता निकालाकडे वळू. त्या हंगामात चेन्नईने चौदांपैकी सात सामने जिंकले, सात गमावले. गायकवाडच्या धावा ५८३. संपूर्ण स्पर्धेत विराट कोहलीच्या खालोखाल. लखनौविरुद्ध चेपॉकवर त्याने नाबाद १०८ धावा केल्या, आणि चेन्नईच्या कर्णधाराने काढलेले ते पहिलेच शतक ठरले. सामना मात्र लखनौने जिंकला, कारण मार्कस स्टॉइनिसने नाबाद १२४ केल्या. १८ मे रोजी बंगळूरला अखेरचा साखळी सामना झाला. पुढच्या फेरीत जावयास चेन्नईला २०१ धावा पुरेशा होत्या, १९१ झाल्या. गुण बंगळूरइतकेच, पण धावगतीत संघ मागे पडला आणि पाचवा आला. त्या दिवशी गायकवाड पहिल्याच चेंडूवर बाद झाला. हा दोष त्याचाच आणि तो लिहून ठेवला पाहिजे. परंतु त्याच कागदावर हेही लिहिले पाहिजे की सलामीचा डेव्हन कॉन्वे दुखापतीमुळे संपूर्ण हंगामभर नव्हता, दीपक चहर जायबंदी झाला, पतिराना दुखापतीने मायदेशी परतला आणि मुस्तफिजूर राष्ट्रीय संघाच्या कामासाठी निघून गेला. अर्धी आस्थापना रजेवर असताना दहा धावांनी हुकलेले काम हे नालायकीचे लक्षण मानावे काय, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

येथे एक विलक्षण योगायोग नमूद करावासा वाटतो. गायकवाडची कितीतरी गाजलेली शतके पराभवाच्या दिवशी झालेली आहेत. २०२१ मध्ये राजस्थानविरुद्ध अबूधाबीला नाबाद १०१, २०२२ च्या विजय हजारे चषकाच्या अंतिम सामन्यात १०८, वर उल्लेखिलेले गुवाहाटीचे १२३ आणि चेपॉकचे १०८, आणि २०२५ च्या डिसेंबरात रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०५. पाचही वेळा शतक त्याचे आणि विजय दुसऱ्याचा. आकड्यांवरून स्वभाव ठरविण्याची ज्यांना सवय आहे, ते यावरून ‘हा अपयशी माणूस’ असा निष्कर्ष काढतील. परंतु ज्याने आपले काम शंभर हिश्शांनी केले, त्याच्या नावावर दुसऱ्यांनी न केलेल्या कामाची बाकी टाकणे हा हिशेबातला अपराध आहे.

आता असा प्रश्न येतो की, थोर पूर्वसूरी जवळ असणे हे नेहमीच बाधक असते काय? तसे म्हणता येणार नाही, आणि त्याचा दाखला शोधावयास झाशीबाहेर जावयास नको. ध्यानचंद या शहराचे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ रूपसिंग खेळला. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात भारताने २४ गोल केले. त्यांत धाकट्याचे दहा आणि थोरल्याचे आठ. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूच्या सावलीत हा रोपटा कसा वाढला? कारण जागा वेगळ्या होत्या. थोरला मध्यभागी, धाकटा त्याच्या डाव्या हाताला. एकाच्या चेंडूवर दुसऱ्याचे पोट भरत होते. एकाच्या खुर्चीवर दुसरा बसला नव्हता. येथून शंभर किलोमीटरांवर ग्वाल्हेरला याच रूपसिंगांच्या नावाचे मैदान आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी तेथे सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा केल्या, तेव्हा कर्णधार होता धोनी, आणि तो समोरच्या टोकाला होता. तेंडुलकर हा माजी कर्णधार. कीर्ती धोनीहून कितीतरी पटींनी मोठी. असे असूनही धोनीला आपले नेतृत्व उभारता आले, कारण तेंडुलकरची सत्ता त्याच्या बॅटीत होती आणि निर्णयाची जागा त्याने खरोखर रिकामी केली होती. धोनीची सत्ता मात्र यष्टींमागच्या नजरेत होती. ती नजर तेथे आहे तोवर जागा रिकामी झाली असे कसे म्हणावे?

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो, त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक खेळाडू असतो. प्रत्येक चढाई त्याच्या हातून सुरू होते, आणि चेंडू कुणाकडे टाकावयाचा याचा निर्णय निमिषार्धात त्याने घ्यावयाचा असतो. ग्रीन बे या लहानशा गावच्या पॅकर्स संघात ब्रेट फार्व्ह हा असाच लोकांचा देव होता. २००५ मध्ये अ‍ॅरन रॉजर्स हा तरुण संघात आला आणि तीन वर्षे बाकावर बसून राहिला. २००८ च्या मार्चमध्ये फार्व्हने अश्रू ढाळीत निवृत्ती जाहीर केली, आणि उन्हाळ्यात त्याचे मन पालटले. त्याला परत यावेसे वाटले. संघाच्या चालकांनी मोठा धीर करून त्याला ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या संघाकडे देऊन टाकले आणि रॉजर्सला जागा दिली. लोक संतापले. पहिल्याच वर्षी रॉजर्सच्या संघाने सोळांपैकी दहा सामने गमावले, म्हणजे टीकाकारांची दिवाळीच. चालक ढळले नाहीत. २०११ च्या फेब्रुवारीत त्याच रॉजर्सने त्यांना अजिंक्यपद मिळवून दिले. येथे रॉजर्सचे गुण तर होतेच. परंतु निर्णायक ठरल्या त्या दोन गोष्टी. आधीच्या माणसाची गाडी सुटली, आणि नव्या माणसाला पहिल्या वर्षाचे अपयश माफ झाले.

गायकवाडला यांपैकी काय मिळाले? २०२५ च्या हंगामात त्याने पाच सामन्यांत नेतृत्व केले. एक जिंकला, चार गमावले. ३० मार्चला गुवाहाटीला राजस्थानविरुद्ध खेळताना त्याच्या हाताला चेंडू लागला, कोपराचे हाड दुखावले आणि १० एप्रिलला तो हंगामातून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. कर्णधारपद पुन्हा धोनीकडे गेले. आता सगळे सुरळीत होईल, अशी भाबडी आशा अनेकांनी व्यक्त केली. उरलेल्या नऊ सामन्यांत धोनीच्या हाताखाली संघाने तीन जिंकले, सहा गमावले आणि आपल्या इतिहासात प्रथमच शेवटचा क्रमांक पटकावला. पाचांत एक आणि नवांत तीन. या दोन अपूर्णांकांत जो फरक आहे तो फार तर एखाद्या सामन्याचा. रोग खुर्चीवरच्या माणसात नव्हता, संघाच्या बांधणीत होता, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? परंतु तेच अपयश धोनीच्या खाती ‘दुर्दैव’ म्हणून जमा झाले आणि गायकवाडच्या खाती ‘अकर्तृत्व’ म्हणून. एकाच चुकीला दोन निरनिराळे शेरे मिळालेले पाहण्याची सवय आपल्याला कचेरीत असते. मैदानावरही तेच चालते एवढेच.

झाशीच्या मातीत राहणाऱ्याला या ठिकाणी एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी त्यांनी यथाविधी दत्तक घेतला होता, आणि त्या मुलाचे नाव दामोदरराव ठेवले होते. विधी झाला, साक्षी झाल्या, पत्रे लिहिली गेली; पण कलकत्त्याहून मान्यता आली नाही. तो पोर राज्य करण्यास लायक होता की नव्हता, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तुलना ताणू नये हे खरे. एकीकडे राज्य आणि प्राण यांचा प्रश्न, दुसरीकडे खेळ. तरीही एक गोष्ट दोहींकडे समान आहे. वारसा देणाऱ्याने दिला आणि घेणाऱ्याने घेतला म्हणजे पुरा होत नाही. तिसऱ्याने तो मान्य करावा लागतो. व्यावसायिक खेळात हा तिसरा म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक आणि लेखणी घेऊन बसलेला समीक्षक. तेव्हा गायकवाडच्या भवितव्याचा एक हिस्सा आपल्याच हातात आहे, आणि तो आपण आजवर फार उदारपणे वापरलेला नाही.

याचा अर्थ असा नव्हे की गायकवाड सर्वथा निर्दोष आहे. त्याचा एक दोष मला गंभीर वाटतो, आणि त्याच्या चाहत्यांनाही तो सांगितला पाहिजे. तो सौजन्याचा दोष आहे. त्याची सारी कमाई सलामीची. नव्या चेंडूसमोर उभे राहून डावाची घडी बसवणे, हीच त्याची विद्या आणि हीच त्याची प्रतिष्ठा. असे असताना २०२४ मध्ये काही वेळा आणि २०२५ मध्ये सरसकट, इतरांना सलामीला पाठवून तो स्वतः तिसऱ्या क्रमांकावर उतरला. संघाच्या सोयीसाठी केलेला त्याग म्हणून याचे कौतुक झाले. मला हा त्याग पटत नाही. विलंबित लय ज्याच्या गाण्याचा प्राण आहे, त्याने मैफलीच्या आरंभी बसावे. दुसऱ्याने बिघडवलेल्या किंवा अर्ध्यावर सोडलेल्या रागात मधूनच सूर मिसळणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय नेतृत्वाचाही येथे प्रश्न आहे. धोनी शेवटी येऊन सामना संपवी. ती त्याच्या नेतृत्वाची भाषा होती. गायकवाडला स्वतःची भाषा बोलावयाची असेल, तर ती आरंभाची असली पाहिजे. पहिला चेंडू कर्णधाराने खेळला म्हणजे संघाला आणि प्रेक्षकांना आपोआप कळते की नायक कोण. दुसऱ्याची खुर्ची त्याला पुरती मिळाली नाही, आणि मिळेपर्यंत त्याने स्वतःचीही सोडून दिली. सभ्य माणसे अशा चुका करतात. पण सभ्यपणाने केल्या म्हणून त्या चुका असावयाच्या राहत नाहीत.

सोडलेली खुर्ची फार काळ रिकामी राहत नाही, हेही लवकरच दिसून आले. गायकवाड जायबंदी झाल्यावर त्याच्या जागी चेन्नईने विरारच्या आयुष म्हात्रेला बोलावले. वय वर्षे सतरा. २० एप्रिल २०२५ रोजी वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या. ३ मे रोजी बंगळूरला ४८ चेंडूंत ९४. त्याही सामन्यात चेन्नई दोन धावांनी हरली, म्हणजे हा वारसाही पुढच्याकडे आला म्हणावयाचा! पाठोपाठ इंग्लंडच्या दौऱ्यावर एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचे नेतृत्वही त्याच्याकडे गेले. म्हात्रेची फलंदाजी गायकवाडहून भिन्न प्रकृतीची आहे. तिला वाट पाहणे माहीत नाही; पहिल्या चेंडूपासून ती द्रुत लयीत असते. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच झाले. गंमत एवढीच की ‘हा गायकवाडपेक्षा बरा’ असे म्हणणारेही तत्काळ निघाले. जो कालपर्यंत वारस होता तो एका महिन्यात पूर्वसूरी ठरला. एकाच्या डोक्यावर जुन्याचे ओझे, दुसऱ्याच्या खांद्यावर नव्याची घाई, आणि स्वतःच्या मापाने मोजून घेण्याची संधी कुणालाच नाही.

सारांश असा. कर्णधार म्हणून गायकवाडला भवितव्य आहे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. पण ते तीन अटींवर अवलंबून आहे. पहिली अट संघचालकांची: यष्टींमागची जागा नव्या माणसाच्या नजरेला मोकळी व्हावी. २०२५ च्या नोव्हेंबरात चेन्नईने पुढील हंगामासाठी कर्णधारपद गायकवाडकडेच ठेवले, आणि जडेजा व सॅम करन यांना देऊन राजस्थानकडून संजू सॅमसन हा यष्टिरक्षक आणला. चालकांना दुखण्याची जागा समजली असावी, असे यावरून अनुमान निघते. मात्र त्याच वेळी धोनीलाही त्यांनी राखून ठेवले, म्हणजे औषध आणले खरे, पण बाटलीचे बूच काढण्याचे धैर्य त्यांच्यापाशी नव्हते. दुसरी अट गायकवाडची: त्याने आपली सलामीची जागा हट्टाने परत घ्यावी आणि तेथून संघ चालवावा. तिसरी अट आपली. त्याच्या खेळात धोनी शोधण्याचे आपण थांबवावे.

पुढील हंगामांचे निकाल कसेही लागोत, या तिसऱ्या अटीचे महत्त्व कमी होणार नाही. कारण ती एका खेळाडूपुरती नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावी आपल्यातला एखादा तरुण नव्या कचेरीत रुजू होतो, आणि टेबलावरचा पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत कुणीतरी त्याला सांगतो, ‘आमचे आधीचे साहेब असे करीत नसत.’ त्या तरुणाला पहिल्या सहा महिन्यांत कुणी त्याच्या स्वतःच्या कामावरून ओळखले, तर तो बहुधा टिकतो. मैदानावरचा नियम याहून निराळा असण्याचे कारण दिसत नाही.